शीला मॅडमचं सातवं कलम

आधीच सांगून टाकते, मी शीलाच्या बाजूची आहे. बाजू घेता घेता तिला चार शब्द सुनावीन, ते वेगळं. उल्हासनगरच्या एकाच कॉलेजात आम्ही बावीस वर्षं काढली. ती मानसशास्त्र शिकवायची, मी लायब्ररी सांभाळायचे. मी कुंदा, राहायला बदलापूरला, कात्रपात. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण जीभ काही अजून रिटायर झाली नाही असं माझा मुलगा पुष्कर म्हणतो. म्हणू दे.

शीला अंबरनाथ पूर्वेची. वडील शिवराम केमिकल कंपनीत ऑपरेटर, आई चार घरची कामं करून थकलेली, आणि ही घरातली पहिली एम.ए. वस्तीत तिचं नाव निघालं की बायका आपल्या पोरींना कोपरखळी मारायच्या, बघ जरा म्हणून. नियमाची इतकी पक्की की पुस्तक परत करायची तारीख पंधरा असेल तर चौदालाच माझ्या टेबलावर आणून ठेवायची. मला तेव्हा कौतुक वाटायचं. आता त्याच गोष्टीचा राग येतो.

तिचं संशोधन सुरू झालं ते एका पिशवीपासून. कॉलेजच्या मागच्या भिंतीलगत खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या असायच्या. सगळ्यांना दिसायच्या, आम्ही नाक मुरडून पुढे जायचो. एक दिवस हिने त्या सगळ्या वेचून पिशवीत भरल्या, स्टाफरूममध्ये आणल्या आणि टेबलावर ओतल्या. प्राध्यापक मंडळी डबे उघडून बसलेली. ही म्हणाली, "एवढा खोकला झालाय का आपल्या पोरांना?" चार महिन्यांनी तिने पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. विषय, खोकल्याच्या औषधाचं व्यसन लागलेले तरुण, आणि ते सोडल्यावर त्यांचं पुढे काय होतं.

बासष्ट जण मिळाले तिला. कुणी जीन्सच्या कारखान्यातला, कुणी रिक्षावाला, दोघे तर आमच्याच कॉलेजचे. दोन वर्षं, दर महिन्याला प्रत्येकाची एक मुलाखत आणि लघवीची तपासणी. पोरगं काय सांगतं ते एक आणि तपासणीची पट्टी काय सांगते ते एक, असं ती म्हणायची. त्यासाठी तिने तीन नंबर कॅम्पात एका सिंधी मालकाच्या फर्निचरच्या दुकानावरची खोली घेतली. दुकानातूनच वर जिना. म्हणजे आत शिरणारा माणूस कपाट बघायला आलाय असंच बाहेरच्याला वाटणार. आहे की नाही डोकं? तो मालकही बिचारा भला, पोरं आली की म्हणायचा, "आओ साईं, सोफा देखो," आणि हळूच जिन्याकडे बोट करायचा.

पण सुरुवातीलाच एक घोळ झाला. अंबरनाथच्या भाजी मार्केटात शीलाला त्या बासष्टातला एक दिसला, आणि हिने मायेने विचारलं, "काय रे, झोप लागते का आता?" शेजारी त्याचा सुपरवायझर उभा. मॅडम कसला अभ्यास करतात हे त्याला ठाऊक होतं. आठ दिवसांत त्या पोराची नोकरी गेली, आणि तो पुन्हा कधी जिना चढला नाही. शीला दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी लायब्ररीत माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "कुंदा, संमतीपत्रात नवीन कलम घालायचं. टाईप कर."

ते सातवं कलम. संशोधनाच्या खोलीबाहेर, कुठेही, कोणाहीसमोर संशोधक तुम्हाला ओळख दाखवणार नाही. मी टाईप केलं आणि म्हटलं, "अगं, पण ही पोरं सवयीने तुला हाक मारतील त्याचं काय?" ती विचारात पडली. मग मीच पुढे एक वाक्य टाईप केलं, 'तुम्ही स्वतःहून दाखवलीत तरीही नाही.' तिला ते फार आवडलं. ते वाक्य माझं आहे, हे इथे लिहून ठेवते, कारण प्रबंधात माझं नाव नाही.

हा नियम पाळणं तिला किती जड गेलं ते मला उशिरा कळलं. आमच्यात कुणी नमस्कार केला आणि आपलं लक्ष नसलं, तर समोरचा फार तर म्हणतो, तंद्रीत असेल. शीलाच्या वस्तीत तसं नाही. जयभीम घातला की जयभीम परत यायलाच हवा. तो घेतला नाही तर तो माणसाचा अपमान, त्याच्या बापाचा, आणि ज्यांच्या नावाने घातला त्यांचाही. आणि शीलाने काय करावं? तिने विचार केला, मी फक्त बासष्ट जणांना टाळलं तर ज्यांना टाळते तेच उठून दिसतील. म्हणून तिने रस्त्यात भेटणाऱ्या एकूण एक तरुण पोराचा जयभीम घेणं बंद केलं. मान खाली घालून सरळ चालायची. वस्तीत बोभाटा झाला, शिवरामची पोरगी डॉक्टर व्हायच्या आधीच फुगली. आई तर रडली. म्हणाली, "तुझ्या बापाला बघून लोक तुला जयभीम घालतात, आणि तू तोंड फिरवतेस?" शीलाला आईलाही खरं सांगता येत नव्हतं, घरीही काही बोलायचं नाही हे सहाव्या कलमात होतं. मी म्हणायचे, "सोस गं, चांगल्या कामासाठी आहे." मला काय जातंय सांगायला?

त्या बासष्टांत एकोणीस नंबर तिचा लाडका. असं म्हणू नये संशोधकाने, पण होता. सत्तावीस वर्षांचा, जीन्सच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करायचा, आणि दिवसाला चार बाटल्या प्यायचा. त्याने सोडलं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी यायचा, तपासणी स्वच्छ निघायची, आणि सोमवारी शीला लायब्ररीत येऊन माझ्या कानाशी म्हणायची, "एकोणीस नंबर पुन्हा क्लीन." सहा महिने झाले, दहा झाले, चौदा झाले. माझ्या कुणी नात्यातला नव्हता, नावही ठाऊक नव्हतं, पण मीसुद्धा त्या सोमवारची वाट बघायचे.

फेब्रुवारी दोन हजार तेरा. बदलापूरला एका हॉलमध्ये आमच्या कॉलेजच्या ऑफिसातल्या एकीच्या मुलीचं लग्न होतं. शीला आणि मी जेवायला बसलो होतो. समोरून एक पोरगा आला, इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. त्याच्या मागे एक वयस्कर गृहस्थ, पांढरा सफारी घातलेले, चेहरा गंभीर. पोराने हात जोडले.

"जयभीम मॅडम. ओळखलंत ना?"

शीलाने त्याच्याकडे पाहिलं, मागच्या गृहस्थांकडे पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "नाही. आपण भेटल्याचं आठवत नाही मला."

पोरगा हसला. त्याला वाटलं असावं, गर्दीत मॅडमच्या लक्षात आलं नाही. सही करताना वाचलेलं कलम कुणाला आठवतं? "मॅडम, मी विक्रांत. एकोणीस नंबर."

माझा घास हातातच राहिला. अच्छा, हा होय तो! शीलाचा चेहरा मात्र तसाच. "तुमची काहीतरी चूक होतेय," ती म्हणाली. "मी तुम्हाला ओळखत नाही."

पोराचं हसू गेलं. तो काहीतरी बोलणार होता, पण मागच्या गृहस्थांनी त्याच्या दंडाला हात लावला. "चला, विक्रांत," एवढंच म्हणाले. दोघे गेले. शीलाने पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. "सांभाळलं गं मी," ती म्हणाली. "बरोबरचे कोण होते कोण जाणे. कारखान्याचा मालक असेल तर? मी हो म्हटलं असतं तर आज हाही घरी बसला असता." मी म्हटलं, "शाब्बास." आणि आम्ही दोघींनी जिलेबी मागितली.

मार्चचा दुसरा शनिवार आला, एकोणीस नंबर आला नाही. एप्रिलमध्ये नाही. आठव्या कलमाप्रमाणे एकदाच फोन करता येत होता, तो बंद लागला. घरी जायचं नाही, शेजारी विचारायचं नाही, हेही त्याच कलमात. मी म्हटलं, जाऊन तर ये. ती म्हणाली, "एकासाठी गेले तर बाकीच्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा?" तिचे गाईड देवदत्त सर म्हणाले, अशा अभ्यासात काही जण गळतातच, जिवाला लावून घ्यायचं नाही. शेवटी त्याच्या नावापुढे, म्हणजे नंबरापुढे, तिने लिहिलं, 'संपर्क तुटला. कारण अज्ञात.'

पुढचं सगळं छान झालं. पीएच.डी. मिळाली. आणि गंमत बघा, तिचं नाव झालं ते बाटल्यांमुळे नाही, सातव्या कलमामुळे. छोट्या गावात, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे व्यसनी माणसाची गुप्तता कशी राखावी यावर तिचा लेख आला. पुण्याहून बोलावणं आलं, नागपूरहून आलं. ती विभागप्रमुख झाली, चिखलोलीला नवा फ्लॅट घेतला, आईला तिथे नेलं. प्रत्येक भाषणात ती लग्नाच्या हॉलचा किस्सा सांगायची. नाव नाही, गाव नाही, फक्त प्रसंग. "त्याने स्वतःचा नंबर सांगितला, तरी मी ढिम्म हलले नाही," असं म्हणाली की टाळ्या पडायच्या. बारा वर्षं हा किस्सा सांगत होती ती. मी चार वेळा तरी ऐकला असेल, आणि चारही वेळा टाळ्या वाजवल्या.

यंदा जानेवारीत आमच्या कात्रपात शाळांमधल्या समुपदेशकांसाठी एक दिवसाचं शिबिर होतं. घरापासून पाच मिनिटांवर, म्हणून मीही जाऊन मागे बसले. शीलाने किस्सा सांगितला, टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एक बाई तिच्याजवळ आली. पस्तिशीची, साधी, गळ्यात शाळेचं ओळखपत्र, त्यावर नाव ऋता. आवाज अजिबात चढवला नाही तिने.

"मॅडम, तो हॉल बदलापूरचाच ना? त्या मुलाबरोबर पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ होते?"

मीच म्हटलं, "हो. तुम्हाला कसं माहीत?"

"ते माझे वडील, किसन. विक्रांतचं आणि माझं लग्न ठरत होतं. त्याने आमच्या घरी सगळं सांगितलं होतं हो, बाटल्यांपासून सगळं. काही लपवलं नाही. बाबा म्हणाले, सुटलं असं सगळेच सांगतात, पुरावा काय? तो म्हणाला, शीला मॅडमना विचारा, मी दर महिन्याला त्यांच्याकडे जातो. त्या लग्नाला तुम्ही येणार हे त्याला कळलं, म्हणून तो मुद्दाम बाबांना घेऊन आला. बाबा घरी येऊन म्हणाले, व्यसन एक वेळ चाललं असतं, पण हा मुलगा धडधडीत खोटं बोलतो. ती बाई त्याला ओळखतसुद्धा नाही."

शीलाने विचारलं, "आता कुठे असतो तो?"

"गेला," ऋता म्हणाली. "दोन हजार पंधरा साली. परत प्यायला लागला होता. त्याच्या आईनेही घराबाहेर काढलं होतं, बाबांनी जाऊन सांगितल्यावर." मग म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, हे आज कळलं मला. पण मॅडम, तुम्ही हे हसत सांगता, ते ऐकवलं नाही." आणि तिने कप ठेवला आणि गेली. दुपारचं सत्र शीलाने घेतलं नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे आमची रोज भांडणं. शीलाचं म्हणणं, मला त्याच्या आईला जाऊन सांगायचंय. माझं म्हणणं, आता कशाला उकरतेस? बाई सत्तरीची, मुलगा जाऊन दहा वर्षं झाली, ती आपल्या मनाची समजूत घालून बसली असेल. "तुला तुझ्या छातीवरचा धोंडा उतरवायचाय, तो तिच्या डोक्यावर ठेवणार," असंही बोलले मी. आणि माणूस गेला तरी गुप्तता संपत नाही, हे तिनेच आम्हाला शिकवलेलं. ती म्हणाली, "कुंदा, त्याने मला एकच गोष्ट मागितली होती. मी त्याला ओळखते, एवढं म्हणायला." जळ्ळं मेलं ते कलम. मी चप्पल घातली.

अंबरनाथ पूर्वेला त्याच वस्तीत, शीलाच्या जुन्या घरापासून चार गल्ल्या सोडून, विक्रांतच्या आईचं, चांगुणाबाईंचं घर. एवढं जवळ. बाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. शीलाने हात जोडून जयभीम केला. बाईंनी डोळे बारीक करून पाहिलं.

"शिवरामदादाची शीला ना तू? जयभीम घेत नव्हतीस. आता घालतेस होय?"

आम्ही आत बसलो. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली विक्रांतचा फोटो होता, त्याला हार नव्हता. शीलाने फिरवून-फिरवून काही सांगितलं नाही. दुकानावरची खोली, दुसरा शनिवार, पट्टी, सातवं कलम, लग्नाचा हॉल. सगळं सरळ. चांगुणाबाईंचे हात लसणावर थांबले.

"म्हंजे तो तुझ्याकडंच यायचा?"

"हो."

"दर म्हैन्याला?"

"चौदा महिने. एकदासुद्धा चुकला नाही. चौदाही वेळा तपासणी स्वच्छ होती. त्याने खरंच सोडलं होतं, काकू."

बाई माझ्याकडे बघून बोलल्या, शीलाकडे नाही. "शनवारी घरी आला की मी त्याचा शर्ट हुंगायची. वास नाय यायचा. तर मला वाटायचं, मेला हुशार झालाय, वास येऊ न देता पितोय. तो किसन सांगून गेला तशी मी याला म्हटलं, मॅडम-मॅडम करून मला येडी बनवलीस. भांडी फेकून मारली. तो म्हणत होता, आये, मी खरं बोलतोय. दारात उभा राहून तेच म्हणत होता." त्यांनी ओंजळीतला लसूण सुपात टाकला. "तेव्हा तो खराच होता, व्हय?"

शीला रडायला लागली. मलाही आवरेना. बाई रडल्या नाहीत. मला वाटलं, आता या आम्हाला हाकलतील, आणि हाकलावंच. पण त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि शीलाच्या मनगटाला धरलं.

"मला एकटीला सांगून काय उपेग? सगळ्या गल्लीसमोर काढलाय मी त्याला. गल्लीला सांग. चल."

पहिल्या दाराला कुलूप होतं. दुसऱ्या घरातल्या म्हातारबा अंथरुणाला खिळलेले, त्यांना ऐकू जात नव्हतं. तिसरं घर विकलं गेलं होतं. समोरच्यांनी कात्रपला फ्लॅट घेतला म्हणे, दोन वर्षांपूर्वी. चांगुणाबाई नावं घेत होत्या, ही होती तेव्हा, तो होता तेव्हा, आणि दारामागून दार नवंच निघत होतं. शीलाचं मनगट काही त्यांनी सोडलं नाही.

गल्लीच्या टोकाच्या घरात एक तरुण बाई कणीक मळत होती. चांगुणाबाई म्हणाल्या, "माझ्या विक्रांतबद्दल सांगायचंय." ती बाई गोंधळली. "कोण विक्रांत, आजी? आम्ही चार वर्षांपूर्वी आलो इथे."

मी शीलाला हळूच म्हटलं, चल आता. चांगुणाबाईंनी ऐकलं. "नाय," त्या म्हणाल्या. "हिलाच सांग."

मग शीलाने त्या अनोळखी बाईला सांगितलं. दारात उभं राहून, वर्गात बोलते तशा मोठ्या आवाजात. "विक्रांत या आजींचा मुलगा. तो दर महिन्याला माझ्याकडे यायचा. त्याने चौदा महिने व्यसनाला हात लावला नव्हता. तो खोटं बोलला नव्हता, मी खोटं बोलले. मी त्याला ओळखत होते."

त्या बाईला काय समजणार? कणकेचे हात तसेच धरून ती आमच्या तिघींकडे बघत राहिली. मग बिचारी म्हणाली, "बरं. आजी, बसा ना जरा. पाणी देऊ का?"